हजेरी शंभर टक्के

प्रिय ताई,

सर्वप्रथम माझ्यावर होत असलेल्या एका घोर अन्यायाची तू नोंद घ्यावीस, ही नम्र विनंती. जगात लढाया चालू आहेत, माणसं बेघर होताहेत, हे मी पेपरात वाचतो. पण त्यांतल्या कुणालाही रोज सकाळी पालिकेच्या दारात उभं राहून चारचौघांदेखत जांभई द्यावी लागत नाही. मला लागते. त्याचं असं झालं, की आमच्या कचेरीत चेहरा ओळखून हजेरी लावणारं यंत्र बसलं. ज्या दिवशी सगळ्यांचे चेहरे टिपून घेतले त्या दिवशी माझा नंबर लागला तो जेवणानंतर, आणि यंत्राने डोळा मिचकावला नेमक्या त्याच क्षणी मला जांभई आली. झालं! यंत्राच्या लेखी मी म्हणजे ती जांभई. आता तोंड मिटून सभ्य माणसासारखा उभा राहिलो की लाल दिवा लागतो आणि आतून एक गोड आवाज 'अनोळखी व्यक्ती' असं जाहीर करतो. मग मी पडजीभ दिसेपर्यंत आ वासतो, हिरवा दिवा लागतो आणि मागे रांगेतला शिपाई म्हणतो, "चला, कविराज उगवले!" दुरुस्तीसाठी मी रीतसर अर्ज दिला. तर संबंधित कारकून म्हणाला, जांभई येत नसेल तेव्हाच अडचण आहे ना? मग येऊ द्या की. सरकारी नोकराला त्यात काय अवघड?

तू हसलीस का? हसली असशील तर बरं. कारण पुढचं लिहायला मला धीर हवा आहे, आणि आपल्या घरात धीर नेहमी हसण्याच्या मागच्या दारानेच आला. तुझं उत्तर कंपनीला पोचलं. कारखान्यातली जागा तुला नको, असं तू कळवलंस. महिनाअखेरपर्यंत ती जागा तुझ्यासाठी ठेवली आहे, त्यानंतर दुसरं कुणीतरी बघतील, आणि दुसरं कुणी त्यांना मिळणार नाही, हे इथे सगळ्यांना ठाऊक आहे. तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही. हे पत्रसुद्धा मी कपाटाला टेकून, खिडकीच्या कट्ट्यावर, मग पुन्हा टेबलाशी, असं फिरत फिरत लिहितोय. अक्षर बदललेलं दिसलं तर मी हललो असं समज.

तुला सगळं पहिल्यापासून सांगतो, कारण तुला फोनवर मी जे सांगितलं त्यात निम्मं गाळलं होतं. चष्म्याचा कारखाना बंद पडला, तू आईकडे राहायला गेलीस, आणि या शहराकडे जगाला दाखवण्यासारखं काही उरलं नव्हतं. समुद्र नाही, खाण नाही, विमान आमच्या वरून जातं पण खाली बघत नाही. नदी आहे, पण तिच्याबद्दल न बोललेलं बरं. तेव्हा साहेबांनी सभा घेतली आणि विचारलं, बाहेरच्या कंपन्यांनी इथे यावं असं आपल्याकडे आहे काय? शेवटी पाणीपुरवठ्यावाला दबकत म्हणाला, "माणसं आहेत." साहेबांनी टेबलावर थाप मारली. माणसं! आणि माणसांची जाहिरात लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं. ताई, म्हशीचं वर्णन करणं त्यापेक्षा सोपं असेल. म्हशीला निदान दूध तरी असतं. मी लिहिलं: येथील मनुष्यबळ मुबलक, कुशल, कष्टाळू व शांत आहे. साहेबांनी 'शांत'च्या पुढे 'अल्पसंतुष्ट' घातलं. मी म्हटलं, साहेब, दातांचाही फोटो टाकायचा का? ते म्हणाले, चालेल, पण रंगीत टाका. जाहिरातीची पत्रिका छापून आली तेव्हा आपण सगळे वीजपुरवठा आणि सांडपाणी व्यवस्था यांच्या मधोमध होतो. मुखपृष्ठावर हातात चिमटा धरून हसणाऱ्या बायका होत्या. त्यांतली एकही इथली नाही. इथल्या बायका फोटोत हसत नाहीत, फोटो काढणाऱ्याला हसतात. आणि त्या बायकांच्या डोक्यावर माझे ते अजरामर शब्द: 'हजेरी शंभर टक्के.'

आता ते शब्द खोटे होते का? तूच सांग. जुन्या कारखान्याची हजेरीपत्रकं साहेबांनी स्वतः मागवून बघितली होती. ऊन असो, ताप असो, लग्न असो, मयत असो, चष्म्याच्या काड्यांना बिजागरी बसवणाऱ्या विभागात एकही खुर्ची कधी रिकामी नव्हती. साहेबांचे डोळे भरून आले. अशी माणसं, म्हणाले, जगाच्या पाठीवर दाखवा! मी गप्प बसलो. कारण आत काय चालायचं हे तुला ठाऊक, मला ठाऊक, आणि टाकीच्या पलीकडल्या वस्तीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. आपल्याकडे नोकरी माणसाची नव्हतीच, नोकरी घराची होती. थोरलीचा गुडघा धरला की धाकटी जाऊ येऊन बसायची. सुनेला दिवस गेले की सासू चष्मा लावून चिमटा हातात घ्यायची. याला नाव होतं 'जागा राखणं'. आज मी तिची जागा राखते, उद्या ती माझी राखेल. आणि कुणी कुणाची राखायची, कुणाला आधी शिकवून ठेवायचं, कुणाच्या घरात आजारपण येऊ घातलंय, हे सगळं तुझ्या डोक्यात असायचं. तू टायफॉइडने आडवी होतीस तेव्हा आमची ही जाऊन तुझ्या खुर्चीवर बसली होती. पहिल्या दिवशी घरी आली ती बोटाला पट्टी बांधून, आणि तोरा असा की जणू परदेशात जाऊन आली. व्यवस्थापकाला काय दिसत नव्हतं? पण खुर्च्या भरलेल्या आणि काड्या जुळलेल्या, म्हणून तोही बघायचा नाही. तेव्हा शंभर टक्के हजेरी खरीच होती, ताई. फक्त ती खुर्च्यांची होती.

कंपनीवाले आले. कानात घालायची ऐकण्याची यंत्रं बनवतात, शेंगदाण्याएवढी. त्यांना बारीक स्क्रू न सांडणारे हात हवे होते आणि रोज वेळेवर येणारी माणसं हवी होती. हात त्यांनी तपासले, माणसांबद्दल माझी पत्रिका वाचली. आपल्याच जुन्या इमारतीला पांढरा रंग देऊन आत काचेच्या खोल्या केल्या. माणसांची भरती आणि देखरेख करायला एक मॅडम आल्या. हुशार, तरतरीत, कधी आवाज न चढवणाऱ्या, पण प्रत्येक गोष्ट टक्क्यांत सांगणाऱ्या. बायकांनी त्यांचं नाव आठवड्याच्या आत 'टक्केवारी मॅडम' ठेवलं. मॅडमनी पहिल्या तुकडीला स्वतः शिकवलं. आमच्या बायकांनीही मन लावून शिकून घेतलं. आणि मग, जसं कायम चालत आलं तसंच, टाकीपलीकडल्या थोरलीचा गुडघा धरला आणि तिच्या जागी धाकटी जाऊ जाऊन बसली. तिला त्यात चुकीचं काही वाटलंच नाही. उलट ती वेळेच्या आधी पोचली, थोरलीचा डगला घातला, थोरलीची टोपी घातली आणि चिमटा उचलला. मॅडम मागून आल्या, थोरलीच्या नावाने हाक मारली, धाकटीने नीट ओ दिली. मॅडम दोन पावलं पुढे गेल्या, थबकल्या, वळल्या. जवळ येऊन म्हणाल्या, "तुमचं नाव काय?" तर ही बया अगदी सरळ मनाने विचारते, "आजचं की नेहमीचं?"

पुढे काय झालं ते तुला वेगळं सांगायला नको. मॅडमनी दुसऱ्या रांगेत जाऊन विचारलं, तिसऱ्या रांगेत विचारलं. निम्म्या खुर्च्यांवर नावं एकीची आणि माणसं दुसरीची. त्यांना वाटलं फसवणूक. आपल्या बायकांना कळेना की या चिडल्या कशाला, जागा तर एकही रिकामी ठेवली नाही! त्या आठवड्यात दारावर चेहरा ओळखणारं यंत्र आलं. (आमच्या साहेबांनी ते बघितलं आणि पालिकेलाही एक मागवलं. माझ्या जांभईचा उगम तो असा.) धाकटी दुसऱ्या दिवशी पुन्हा आली, तर यंत्र म्हणालं, 'अनोळखी व्यक्ती.' त्यावर तिने कमरेवर हात ठेवून यंत्राला ऐकवलं ते सगळ्या रस्त्याने ऐकलं: "अनोळखी कुणाला म्हणतेस गं? माझं अख्खं घर तुझ्याकडे कामाला आहे!" पण यंत्राला घर कळत नाही, ताई, तोंड कळतं. मग हळूहळू जे व्हायचं तेच झालं. जिचं पोर तापलं ती घरी राहिली आणि तिची खुर्ची रिकामी राहिली. जिची सासू पडली तिची खुर्ची रिकामी राहिली. दोन महिन्यांत तिसरा हिस्सा खुर्च्या ओस. कंपनीने पालिकेला विचारलं, तुमची शंभर टक्क्यांची माणसं कुठे गेली? साहेबांनी मला विचारलं. मी म्हटलं, साहेब, माणसं होती तिथेच आहेत, घराघरांत. पूर्वी कुणीतरी त्यांची जागा राखत होतं, आता राखता येत नाही. साहेब म्हणाले, हे तुम्ही पत्रिकेत का नाही लिहिलं? मी म्हटलं, सांडपाण्याच्या आधी की नंतर?

टक्केवारी मॅडमना मी आधी नावं ठेवली, पण आता ठेवणार नाही. दुसरी असती तर गाशा गुंडाळून वरच्यांना कळवून मोकळी झाली असती. ह्या मात्र जेवणाच्या सुट्टीत बायकांमध्ये जाऊन बसल्या आणि विचारलं, पूर्वी हे सगळं कसं चालायचं? जी ती म्हणाली, "ताई बघायच्या." पाळ्या कोण लावायचं? ताई. नव्या बाईला कोण शिकवायचं? ताई. भांडण झालं तर? ताईंकडे. मॅडमना आधी वाटलं 'ताई' हे एखाद्या खात्याचं नाव असावं. त्यांनी माझ्याकडे त्या खात्याची फाइल मागितली! ते एक माणूस आहे आणि ती माझी बहीण आहे, हे मी त्यांना सांगितलं. मग त्यांनी वरच्यांशी भांडून जे मिळवलं ते तुला त्यांच्या पत्रात कळलं आहेच. एका खुर्चीमागे एका घरातल्या तिघींचे चेहरे यंत्रात घालायचे, तिघींना शिकवायचं, जी बसेल तिला पगार. आणि हे सगळं चालवायला पाळीप्रमुख म्हणून तू. चोरून चालायचं ते राजरोस होणार होतं. वस्तीत ही बातमी पसरली तेव्हा धाकटी जाऊ मला रस्त्यात गाठून म्हणाली, "भाऊजी, ताईंना सांगा, आम्ही वाट बघतोय. आणि त्या यंत्राला पण सांगा, मी कोण आहे ते."

आणि मग तुझ्या त्या तीन ओळी आल्या. आई अंथरुणावर आहे. तिच्याजवळ दुसरं कुणी नाही. जमणार नाही. मॅडमनी कागद माझ्यापुढे सरकवला आणि अगदी साधेपणाने विचारलं, "तुम्ही त्यांचे भाऊ ना? सख्खे?" मी हो म्हटलं. त्यांनी कागद परत फाइलला लावला. टक्केवारीसुद्धा सांगितली नाही.

साहेबांनी मला बोलावून घेतलं. म्हणाले, "कविराज, बहिणीला असं पत्र लिहा की ती धावत आली पाहिजे. शहराचं भविष्य वगैरे घाला. तुमची लेखणी काय कमी आहे का?" मी लिहायला बसलो. पहिल्या पत्रात शहराचं भविष्य घातलं, फाडलं. दुसऱ्यात बायकांच्या अडचणी घातल्या, त्या खऱ्या होत्या, तरी फाडलं. तिसऱ्यात लिहिलं की आईसाठी एक चांगली बाई ठेवू. ते लिहिताना मलाच आईचा आवाज ऐकू आला: परक्या बाईच्या हातून पाणी पिणार नाही. चौथ्यात लिहिलं की आईला इकडे घेऊन ये. पण ती ते घर सोडायची नाही, हे तुझं-माझं कितीदा बोलून झालंय. मागच्या वेळी नुसता विषय काढला तर तिने पलंगाची कड धरून ठेवली होती. पत्रं फाडून झाली की मी उठायचो, दारापर्यंत जायचो, कडी लावलेली आहे ना बघायचो, परत यायचो. पाणी प्यायचो. तहान नसताना. ही म्हणाली, "अहो, फरशी झिजेल. नाहीतर असं करा, फडकं बांधा पायाला, निदान पुसली तरी जाईल."

मागच्या वेळी मी तिकडे आलो होतो ते सारखं डोळ्यांपुढे येतंय. तू खिडकीशी बसली होतीस आणि गल्लीतल्या कुणाच्या तरी चष्म्याची निखळलेली काडी बसवत होतीस. पदराच्या टोकाला चिमटा बांधलेला. मी खिडकीबाहेर बघत होतो तेव्हा तू काडीवरची नजर न काढता विचारलंस, कारखान्याचं छप्पर बदललं का रे? मी म्हटलं, बदललं. जरा वेळाने विचारलंस, खिडक्या उत्तरेच्याच ठेवल्यात ना, उजेड तिकडूनच चांगला. मी म्हटलं, हो. मग म्हणालीस, मला काय करायचंय म्हणा, आणि काडी पुसत राहिलीस. ती केव्हाच स्वच्छ झाली होती. इतक्यात आतून आईने विचारलं, कोण आलंय? तू म्हणालीस, अगं, हा आलाय. तर आई म्हणाली, "पाहुणा आला? थांब, त्याला आत पाठवू नकोस, माझे केस विंचर आधी." तू तिचे केस विंचरलेस, पांघरूण सारखं केलंस आणि मग मला आत बोलावलंस. मी खुर्चीवर बसलो. आईने माझी, माझ्या कचेरीची, हवापाण्याची चौकशी केली. मी निघताना तिने तुला सांगितलं, त्याला काही खायला दिलंस का, लांब जायचंय त्याला. सगळं कसं रीतसर झालं. बसमध्ये मी झोपेचं सोंग घेतलं, शेजारी बोलणारं कुणी नसताना.

आता हिचं सांगतो. परवा जेवताना मी खडा टाकून बघितला. म्हटलं, काय गं, तू जाऊन राहशील का तिकडे थोडे दिवस? म्हणजे ताईला येता येईल. तुला सवय आहे, तू एकदा तिची जागा राखली होतीस. हिने हातातला घास ताटात ठेवला. तुला ठाऊक आहे, ही ओरडत नाही. हिचं शिवणकाम जोरात चाललंय, दारात बायकांची रीघ असते, तिला जाता येणार नाही हे मलाही कळत होतं. पण ती त्याबद्दल बोललीच नाही. म्हणाली, "इतकी वर्षं मी बघतेय. सासू सुनेच्या जागी बसली, जाऊ जावेच्या बसली, नणंद भावजयीच्या बसली, मी वन्संच्या बसले. एक तरी भाऊ बसलेला बघितलात तुम्ही? एक तरी नवरा?" मी म्हटलं, अगं, पुरुषांची बोटं जाड असतात, त्या स्क्रूला... ती म्हणाली, "आईंना काय स्क्रू बसवायचेत?"

ताई, मी पत्रिका लिहिणारा माणूस. शब्दांत मला कधी कुणी हरवलं नव्हतं. त्या दिवशी मी ताट उचलून मोरीत ठेवलं आणि उभ्याउभ्याच पुढचं सगळं ठरलं. तेव्हापासून घरात एक विचित्र शाळा भरते. मागच्या गल्लीत इस्पितळातला एक सेवक राहतो, त्याला विनंती करून मी शिकतोय. अंथरुणावरच्या माणसाला कूस कशी बदलायची, चादर अंगाखालून कशी काढायची, पाठीला जखम होऊ नये म्हणून उशी कुठे द्यायची. रुग्ण म्हणून ही आडवी पडते, आणि रुग्ण मोठा बेरकी आहे. मुद्दाम अंग सैल सोडते आणि कण्हते, "मेले, मेले, जाहिरातवाल्याने मारलं!" पहिल्या दिवशी मी तिला कुशीवर वळवायला गेलो आणि आम्ही दोघंही खाली आलो. आता बरं जमतं. भात मऊ शिजवता येतो. तो आधी लापशी व्हायचा, मग दगड झाला, आता खाण्यालायक आहे. अंघोळीचं मात्र माझ्याकडून आईला चालणार नाही, तिला संकोच वाटेल आणि मलाही. तेवढ्यापुरती तुझ्या शेजारणीला विचारून ठेव. ती आईच्या ओळखीची आहे, परकी नाही. केस मी विंचरीन. तिने आधी नको म्हटलं तरी विंचरीन.

तर हे पत्र साहेबांसाठी नाही, आणि शहराच्या भविष्यासाठी तर मुळीच नाही. ते ज्याचं त्याने बघावं. माझी वर्षभराची बिनपगारी रजा मंजूर झाली आहे. साहेबांनी कारण विचारलं तेव्हा मी घरगुती असं लिहिलं, कारण आहेच ते घरगुती. हिच्या शिवणावर घर चालेल, असं तीच म्हणते, आणि वर म्हणते की मी नसलो तर खर्चही कमी होईल. मॅडमना मी काहीही कळवलेलं नाही. हो म्हणायचं की नाही ते तू ठरव आणि तूच कळव. कारखान्यात ये, नाहीतर नको येऊस. नुसती आठ दिवस झोप काढ, मैत्रिणींकडे राहा, नदीकाठी जाऊन तिला नावं ठेव. तू काहीही केलंस तरी मी यायचा थांबणार नाही, कारण ती माझीही आई आहे आणि तिच्या उशाशी बसायची निम्मी पाळी माझी होती, ती तू न बोलता करत आलीस. पहिले काही दिवस मला हाताशी धरून शिकव: तिला कुठल्या कुशीवर झोप लागते, कुठलं औषध ती तोंडात धरून ठेवते, राग आला की किती वेळ बोलू नये. चुकलो तर रागाव. मी शनिवारी सकाळच्या गाडीने निघतोय. घ्यायला येऊ नकोस, वाट मला ठाऊक आहे. दार नुसतं लोटून ठेव. मी पिशवी बाहेरच ठेवीन, हातपाय धुवीन आणि सरळ आईच्या खोलीत येईन. तू फक्त ऊठ.

तुझाच,
धाकटा